चारचौघांत पाहायची प्रेमकथा

दोन पुरुषांच्या प्रेमाची मालिका मराठी माणूस पाहत नाही, हा समज आता मोडीत काढायला हवा. तो पाहतो, आवडीने पाहतो, रात्र जागून पाहतो. फक्त एकट्याने पाहतो. लोणावळ्याहून पुण्याला निघालेली सकाळची लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव करत भरत जाते. कॉलेजला निघालेल्या मुली, चिंचवड-पिंपरीच्या कंपन्यांत उतरणारे कामगार, शिवाजीनगरच्या कचेऱ्यांत पोहोचायची घाई असलेली माणसं. सगळ्यांच्या माना खाली आणि कानांत इयरफोन. त्या छोट्या पडद्यांवर कधी ‘हार्टस्टॉपर’मधली इंग्लंडच्या शाळेतली दोन पोरं असतात, कधी थायलंडच्या मालिकेतले दोन कॉलेजकुमार. २०२५ च्या अखेरीस कॅनडात ‘हीटेड रायव्हलरी’ नावाची मालिका आली. बर्फावरची हॉकी खेळणारे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. पण तिने जगभरच्या प्रेक्षकांना वेड लावलं आणि त्या प्रेक्षकांत बायकांचा भरणा मोठा होता.

अशा मालिकांना प्रेक्षकांनी कसं घेतलं, याची चर्चा निघाली की आपण विचारतो, लोकांना आवडलं की नाही? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. आवडलं, हे ते कुणासमोर म्हणाले, हा खरा प्रश्न आहे. एकाच घरातली आई, मुलगी आणि मुलगा यांनी तीन मोबाइलवर तीच मालिका पाहिलेली असू शकते, तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलेलं असू शकतं आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. त्या मुलाच्या मनात स्वतःबद्दल काही सांगायचं असेल, तर शेजारच्या खोलीत आपल्या बाजूची दोन माणसं झोपली आहेत हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून माझं म्हणणं असं : जोवर अशी प्रेमकथा मराठीतून, संध्याकाळच्या वेळेला, घरातल्या सगळ्यांसमोर लागत नाही आणि तिच्यावर चारचौघांत बोललं जात नाही, तोवर प्रेक्षकांच्या खासगी कौतुकाचा, ज्यांच्या जगण्याचा हा प्रश्न आहे त्यांना फारसा उपयोग नाही.

चारचौघांत पाहण्याला मी एवढं महत्त्व का देतो, ते सांगतो. कार्ल्याच्या किंवा वडगावच्या कुठल्याही घरात रात्री साडेआठला डोकावून पाहा. पुढच्या खोलीत टीव्ही चालू असतो. आजी लसूण सोलत बसलेली, सून मेथी निवडत एक डोळा पडद्यावर ठेवून, आजोबा बातम्या कधी लावायला मिळतील याची वाट पाहत. मालिकेतली जाऊ काहीतरी लपवते आणि आजी मोठ्याने म्हणते, ‘बघ गं, कशी तोंडावर खोटं बोलते!’ सून म्हणते, ‘पण आई, खरं सांगितलं असतं तर घरात ठेवलं असतं का हो तिला?’ आजी क्षणभर थांबते, पाकळी ताटात टाकते आणि म्हणते, ‘तेही आहेच म्हणा.’ अर्ध्या तासात त्या घरात वाटणी, हुंडा, सासुरवास, मुलीचं शिक्षण अशा चार विषयांवर मतं पडलेली असतात. ही निव्वळ टिवल्याबावल्यांची वेळ नव्हे. आपल्या घराला काय चालतं, काय चालत नाही आणि आजवर न चाललेलं काय चालू शकेल, हे घरातल्या माणसांना एकमेकांबद्दल कळतं ते अशाच बोलण्यातून. मोठ्या माणसाला थेट विचारायची सोय नसते. मालिकेतल्या पात्राच्या आडून सगळं विचारता येतं.

याचा दाखला फार लांबचा नाही. २०१९ मध्ये झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली. तिथे सून पुढाकार घेऊन आपल्या विधवा सासूचं लग्न लावून देते. निवेदिता सराफ यांची आसावरी आणि गिरीश ओक यांचे अभिजीत राजे महाराष्ट्राने घरात बसून, एकत्र पाहिले. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकीने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायदा होता, थोरामोठ्यांची उदाहरणं होती. तरी वयाची पन्नाशी गाठलेल्या विधवेने पुन्हा लग्न करावं आणि त्यात गैर काही नाही, हे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात मोठ्याने, हसत, टाळ्या देत म्हटलं जायला २०१९ उजाडावं लागलं. त्या मालिकेने क्रांती केली असं मी म्हणत नाही. पण एक विषय तिने जेवणाच्या पंगतीत आणून ठेवला, आणि तो पंगतीत आल्याशिवाय घर बदलत नाही.

समलिंगी प्रेमाचा विषय मात्र त्या पंगतीत आलेला नाही. संध्याकाळच्या मराठी मालिकांत दोन पुरुषांची किंवा दोन स्त्रियांची प्रेमकथा मुख्य कथा म्हणून मी पाहिलेली नाही. घरातल्या टीव्हीवर या माणसांना जी जागा मिळते ती विनोदी कार्यक्रमात, साडी नेसून लचकणारा, नाजूक बोलणारा पुरुष म्हणून. प्रेक्षकांचं हसणं तिथे प्रतिक्रिया म्हणून मोजलं जातं. ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांचं स्त्रीरूप इतकं मनापासून स्वीकारलं की घरंदाज बायका त्यांच्या नेसण्याची नक्कल करत, त्याच महाराष्ट्राचा टीव्ही बायकी पुरुषाला हास्याच्या पलीकडे काही देऊ करत नाही, याचं मला वाईट वाटतं. हिंदी वाहिन्यांनी धाडस आधी दाखवलं. स्टार प्लसच्या ‘मर्यादा : लेकिन कब तक?’ या २०१० मध्ये सुरू झालेल्या मालिकेत पुरुषावर प्रेम असलेल्या एका विवाहित तरुणाचं उपकथानक होतं, आणि ती मालिका सर्वसाधारण कुटुंबांसाठीच होती.

‘आपल्याकडे हा विषय नवा आहे, लोकांना वेळ द्या’ असं म्हणणाऱ्यांना मला इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. हा विषय मराठीत नव्वद वर्षांपूर्वी कोर्टापर्यंत गेलेला आहे, आणि गेला तोही वाचकांमुळे. त्याच धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. वाचक लैंगिक अडचणी विचारत, कर्वे सरळ उत्तरं देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता, १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचक खरोखरच्या अडचणी विचारत असतील तर त्यांना उत्तर देणं हे अश्लील कसं ठरतं, आणि ज्याची ओढ निसर्गतःच तशी आहे त्याने आपल्या परीने सुख शोधलं तर त्यात गैर ते काय, अशा आशयाची त्यांची बाजू होती. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या काळातही महाराष्ट्रात असे प्रश्न विचारणारे वाचक होते. विषय नवा नाही. त्यावर उघडपणे बोलण्याची चोरी मात्र जुनीच आहे.

पुढच्या काळातल्या प्रतिक्रिया पाहिल्या तर त्यांत एक चाल दिसते. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली सुमित्रा स्वतःला ओळखते, एका मुलीवर जीव लावते आणि अखेरीस स्वतःला संपवते. १९९८ मध्ये दीपा मेहतांचा ‘फायर’ आपल्याकडे प्रदर्शित झाला. तो सेन्सॉरने संमत केलेला होता आणि चित्रपटगृहांत शांतपणे चालला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी चित्रपटगृहांवर हल्ले केले, त्यांत महिला आघाडी पुढे होती. आपण ‘फायर’ आठवतो तो मोडतोडीसाठी. त्याआधी तिकीट काढून, दुसऱ्यांच्या शेजारी बसून तो पाहणारे प्रेक्षक कुणालाच आठवत नाहीत. ओरडणाऱ्यांची प्रतिक्रिया इतिहासात जाते, गप्प बसणाऱ्यांची जात नाही. मूठभरांचा राग ‘समाजाची भावना’ ठरतो तो बाकीच्यांच्या गप्प बसण्यामुळेच.

मग आली करुणा. नागपूरचे श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. मराठीतले कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली आणि खासगी क्षणांच्या त्या चित्रणावरून विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. २०१६ मध्ये हंसल मेहतांनी त्यांच्यावर ‘अलीगढ’ काढला. मनोज बाजपेयींचा तो एकाकी, जुनी गाणी ऐकणारा प्राध्यापक पाहून माणसं हेलावली. हेलावणं चांगलंच. पण या करुणेचा मला एक धोका दिसतो. मेलेल्या माणसाबद्दल हळहळायला काही द्यावं लागत नाही. तो शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार नसतो, वाटणी मागणार नसतो, दिवाळीला जोडीने फराळाला येणार नसतो. कित्येक वर्षं समलिंगी पात्राने पडद्यावर मरायचं आणि प्रेक्षकाने रडायचं, असा अलिखित करार चालत आला. त्यात दोघांचंही मन राखलं जातं आणि घर होतं तिथेच राहतं.

सुखाने राहू पाहणाऱ्या जोडप्याची प्रेमकथा याच्या पुढची गोष्ट मागते. ती प्रेक्षकाकडे दया मागत नाही, जागा मागते. परदेशी मालिका आपल्याला एवढ्या सहज का आवडतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. इंग्लंडच्या शाळेतल्या त्या दोन मुलांना आपल्याकडे काहीच मागायचं नसतं. ते आपले भाचे-पुतणे नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याला स्थळ पाहायचं नाही, त्यांच्याबद्दल गावात कुणाला उत्तर द्यायचं नाही. त्यांच्यावर माया करणं बिनखर्चाचं आहे. ती माया खोटी नाही, पण तिची परीक्षा अजून झालेली नाही. ती परीक्षा होते प्रेमी मराठी बोलू लागले की. ते मामाच्या गावचे, आपल्यासारखे भात लावणारे, एमआयडीसीत पाळी करणारे निघाले की.

मराठीत अशी परीक्षा घेणारी कलाकृती अलीकडेच आली आहे. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. गोतावळा जमतो, आणि लग्न कधी करतोस हा प्रश्न सुतकातही सुटत नाही. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. शेती करणारा, त्याच्याही मागे लग्नाचा तगादा. या चित्रपटात मरण सुरुवातीलाच होऊन जातं आणि ते बापाचं असतं. प्रेम करणाऱ्यांना मरावं लागत नाही. आनंदची आई त्याला ओळखून आहे, आणि तिचं ते ओळखणं चित्रपटभर पाठीशी उभं राहतं. गोठा, शेत, झाडाखालची दुपार, भाकरी, नातेवाइकांची कुजबुज, हे सगळं आपलं. समलिंगी प्रेम हे शहरी, इंग्रजाळलेल्या, पैसेवाल्यांचं खूळ आहे, असं म्हणायला या चित्रपटाने जागाच ठेवली नाही.

मात्र ‘साबर बोंडं’ पाहायला प्रेक्षकाला मल्टिप्लेक्सपर्यंत जावं लागलं. ज्याला बघायचं होतं तोच गेला. लसूण सोलत मालिका पाहणारी ती आजी तिथे पोचत नाही, आणि माझा सगळा जीव त्या आजीत अडकला आहे.

‘खेड्याला हे पचणार नाही’, हे वाक्य मी शहरातल्या माणसांच्या तोंडून जास्त ऐकतो. खेड्यातल्या प्रेक्षकाला इतकं कमी लेखू नये. २०१० च्या पहिल्याच दिवशी ‘नटरंग’ लागला. पैलवानी शरीराचा गुणा तमाशासाठी नाच्या होतो, गावाची टवाळी सोसतो, त्याची विटंबना होते आणि तरी तो कला सोडत नाही. तो समलिंगी प्रेमाचा चित्रपट नाही. पुरुषपणाच्या ठरीव साच्यातून बाहेर पडल्याबद्दल गाव माणसाला काय शिक्षा देतं, याचा आहे. तो शिट्ट्या मारत पाहिला तो याच गावांनी. आनंद यादवांची मूळ कादंबरी, अतुल कुलकर्णींचं काम, अजय-अतुलचं संगीत. गोष्ट मराठी मातीतली होती, म्हणून पोचली. प्रेक्षक काय पचवतो हे विषयावर कमी आणि सांगणारा आपला आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतं.

लोणावळा-वडगावच्या या मावळापुरतं बोलायचं तर समलिंगी प्रेमाचा प्रश्न इथे कल्पनेतला नाहीच. पावसाळ्यात प्रेम करायला निम्मा महाराष्ट्र लोणावळ्याला येतो. जुलैच्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी धबाधबा वाहत असतं, भाजलेल्या कणसांचा धूर पसरलेला असतो आणि नवी जोडपी भिजून चिंब, एकमेकांना धरून फोटो काढत असतात. त्याच पायऱ्यांवर दोन तरुण गळ्यात हात टाकून बसलेले असतात. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, कारण आपल्याकडे पुरुषांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकायला मनाई नाही. लॉजवर लग्न न झालेल्या मुलामुलीला सतरा प्रश्न विचारले जातात. दोन पुरुषांना खोली लगेच मिळते. वरवर पाहता ही मोठी मोकळीक आहे. पण तिची अट जबर आहे : आपण एकमेकांचे कोण, हे तुम्ही कुणाला सांगायचं नाही. डोळ्यांसमोर राहा, पण ओळखू येऊ नका. या अटीवर माणसं दोन दिवस काढतात. आयुष्य काढायची वेळ आली की मात्र जीव गुदमरतो.

कारण सोमवारी गावी परतावं लागतं. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावला कारखाने आले, बंगल्यांच्या योजना आल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर स्थळांच्या अपेक्षाही वाढल्या. पंचविशी उलटलेल्या मुलासाठी बायोडाटे फिरू लागतात, तिशीला कुजबुज सुरू होते. हरिनाम सप्ताहाच्या मांडवात, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, साखरपुड्याच्या जेवणावळीत तोच प्रश्न. अखेर एक दिवस मुलगा ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतो. दुसऱ्या गावच्या एका मुलीच्या कपाळी बाशिंग चढतं आणि तिला कळतही नाही की आपण एका गुपितावर पांघरूण घालण्यासाठी या घरात आलो आहोत. पुढची वर्षं ती स्वतःलाच दोष देते : मी दिसायला कमी पडते, माझं काही चुकतं. या प्रकरणात सगळ्यांत मोठी किंमत मोजते ती बहुतेक वेळा हीच बाई, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून अशा मालिकांच्या प्रेक्षकांत बायका अधिक असतात, ही गोष्ट मला थिल्लर वाटत नाही. प्रेमात खोटेपणा नसावा, याची ओढ त्यांना अधिक असणारच. आपला भाऊ किंवा मुलगा ज्या खोट्या लग्नात ढकलला जातोय त्यात आपल्यासारखीच एक मुलगीही ढकलली जातेय, हे मालिका पाहणाऱ्या आत्याला, मावशीला, बहिणीला सांगितलं तर लगेच कळेल. त्यांना ते मराठीत कुणी सांगायला हवं.

आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते सगळेच दुष्टाव्यातून येत नाहीत. ‘घरच्यांसोबत असलं कसं पाहायचं?’ हा पहिला. यात प्रेम आणि शय्या यांची गल्लत होते. मराठी मालिकेने स्त्री-पुरुषांचं प्रेम तरी शयनगृहातून कधी सांगितलं? ते डब्यातल्या भाजीतून, रुसव्यातून, आजारपणातल्या जाग्रणातून सांगितलं. दोन पुरुषांचंही तसंच सांगता येतं. एक जण दुसऱ्याची पाळी सुटेपर्यंत कंपनीच्या फाटकाशी मोटारसायकल घेऊन थांबतो, एवढ्यानेही प्रेम कळतं.

‘पोरं बिघडतील’ हा दुसरा आक्षेप. बघून माणसाची ओढ बदलत असती, तर आजवर पाहिलेल्या हजारो नायक-नायिकांनी एकही समलिंगी माणूस शिल्लक ठेवला नसता. त्यानेही लहानपणापासून तेच चित्रपट पाहिले, तीच गाणी ऐकली, आणि तरी तो जसा आहे तसाच राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं त्याला १९९० पासून साडेतीन दशकं झाली. मालिकेने मुलाची ओढ बदलणार नाही. ज्याची ओढ आधीच तशी आहे त्याला मात्र ‘जगात मी एकटाच असा’ या दहशतीतून ती बाहेर काढू शकेल.

‘बाजार मानणार नाही’ हा तिसरा. वाहिनीला आकडे हवेत, जाहिरातदार बुजतात, हे खरं आहे. पण पन्नाशीच्या विधवेला नवरीचा शालू नेसवणं हाही बाजाराच्या दृष्टीने जुगारच होता. त्या वेळी लेखकांनी आणि वाहिनीने प्रेक्षकांच्या चांगुलपणावर विश्वास टाकला आणि प्रेक्षक त्याला पात्र ठरले. तो विश्वास पुन्हा टाकायला काय हरकत आहे?

चौथा आक्षेप सगळ्यांत जड आहे, आणि तो समलिंगी तरुणांकडूनच येतो. अशी मालिका घरात लागली, बापाने शिवी हासडली, काकाने थुंकल्यासारखं तोंड केलं, तर तिथेच बसलेल्या मुलाने काय करायचं? एकट्याने मोबाइलवर पाहताना निदान हा अपमान तरी होत नाही. या भीतीचा मी मान राखतो. ज्याच्यावर ही वेळ येईल त्याने स्वतःला उघडं करावं, अशी सक्ती कुणी करू नये. पण एक गोष्ट विसरू नये. ती शिवी तो आजही ऐकतोच : नाक्यावर, आखाड्यात, विनोदी कार्यक्रमावर हसणाऱ्या घरात. आज त्याला फक्त शिवीच ऐकू येते, कारण दुसरं काही बोलायला घराला निमित्तच मिळत नाही. मालिका लागली तर बाप शिवी देईल. पण त्याच खोलीत कदाचित बहीण म्हणेल, ‘पप्पा, त्यांनी कुणाचं काय वाईट केलंय?’ आई काहीच न बोलता वाहिनी बदलू देणार नाही. आजी म्हणेल, ‘पोरगं मायाळू आहे गं.’ आपल्या घराचा आवाज एक नाही, अनेक आहेत, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळेल. कुणाजवळ बोलता येईल, हे कळेल. हा शोध एकट्याने पाहिलेल्या कुठल्याही मालिकेतून लागत नाही.

न्यायालयाने आपलं काम बरंचसं केलं आहे, पण तेही इथेच येऊन थांबलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाची मान्यता मात्र नाकारली आणि तो प्रश्न संसदेवर सोपवला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आडकाठी नाही आणि रेशनकार्डासाठी त्यांना एका घरातलं धरावं, असं स्पष्ट केलं. रेशनकार्डावर एका घरातले, ही साधी वाटणारी गोष्ट फार मोठी आहे. पण ते कार्ड काढायला दोघं वडगावच्या तहसील कचेरीत गेले, तर रांगेतला माणूस, खिडकीतला कारकून आणि गावातला दुकानदार यांच्यासमोर त्यांना उभं राहता आलं पाहिजे. ती तयारी न्यायनिवाड्याने होत नाही. ती माणसांच्या नजरेची सवय आहे, आणि नजरेला सवय लावण्याचं काम महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षं संध्याकाळच्या मालिका करत आल्या आहेत.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट उभा केला, ‘पार्टनर’सारखी कादंबरी लिहिली, पालकांसाठी आणि तरुणांसाठी सोप्या मराठीत पुस्तकं तयार केली. २०११ पासून पुण्याच्या रस्त्यांवर अभिमान पदयात्रा निघू लागली. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी आपल्या वाट्याचं काम केलं आहे, भाषाही घडवून दिली आहे. आता पाळी आमची, म्हणजे लिहिणाऱ्यांची आणि पाहणाऱ्यांची.

लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं नेमकं आहे. त्या दोघांना विनोदासाठी आणू नका, मारूही नका, आणि त्यांना देवमाणूसही करू नका. त्यांना भाताची लावणी, हप्त्याचं कर्ज, पवना धरणावरून येणारी थकलेली संध्याकाळ, भावकीतलं भांडण द्या. त्यांना चुका करू द्या. आईला ओळखू द्या, बापाला चिडू द्या आणि त्या बापाला बदलायला वर्षभराचे भाग द्या. कारण माणूस बदलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ फक्त दैनंदिन मालिकेकडेच असतो. ज्या मुलीला फसवून त्या घरात आणलं जाणार आहे, तिलाही वाचा द्या.

आणि पाहणाऱ्यांकडे मागणं एवढंच, की मालिका येण्याची वाट पाहत बसू नका. जे आवडलं ते बोला. रात्री एकट्याने पाहिलेल्या त्या गोष्टीबद्दल सकाळी चहा घेताना सांगा : ‘एक मालिका पाहिली, दोन मुलांच्या प्रेमाची, मला फार आवडली.’ समोरचा गप्प होईल, कदाचित विषय बदलेल, कदाचित वाद घालेल. घालू द्या. तो वाद त्या घरात व्हायला हवा होता, आणि तो आजवर टाळल्याची किंमत घरातल्याच कुणीतरी गप्प राहून मोजली आहे. तुमचं ते वाक्य ऐकणाऱ्यांत तुमचाच मुलगा, पुतण्या किंवा भाचीही असू शकते. त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी ते एका मालिकेबद्दलचं मत नसेल. या घरात आपल्याला जागा आहे, याची ती पहिली खात्री असेल.